फ्रेम विलायती, चाकं लुधियान्याची

आपल्याकडे जुनी सायकल म्हणून जी उभी असते, ती सहसा एका कारखान्याची नसते. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधलं राहू बेट घ्या किंवा दौंड-शिरूरचा कुठलाही ऊसपट्टा. तिथल्या गोठ्याशेजारच्या काळ्या सायकलीची फ्रेम बर्मिंगहॅमची निघू शकते, रिमा लुधियान्याच्या आणि कॅरिअर गावातल्या वेल्डिंगवाल्याचं. काटेकोर संग्राहक याला भेसळ म्हणेल. पण या भेसळीला रीतसर कूळ आहे आणि ते मापांनी बांधलेलं आहे.

आजच्या सायकलचा मूळपुरुष १८८५ सालचा. कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ काढली: जवळपास सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेनचा जोर. १८८८ मध्ये डनलॉप यांनी बेलफास्टला हवेचा टायर बसवला आणि घराणं मार्गी लागलं. पण सुटे भाग जुळवायची रीत आली ती बंदुकांकडून. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ही कंपनी १८६१ मध्ये स्थापन झाली ती यंत्रावर बंदुका बनवण्यासाठी, आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे हा तिचा दंडक. पुढे ती सायकलीकडे वळली तेव्हा तयार सायकलींबरोबर सुट्या भागांचे संचही विकू लागली. इंग्लंडमधले छोटे कारागीर ते घेऊन आपापल्या नावाच्या सायकली उभ्या करत. म्हणजे जोडसायकल ही आपल्या गरिबीतून निघालेली तडजोड नव्हे. खुद्द विलायतेत तो सरळ धंदा होता.

रॅले, हंबर, हर्क्युलिस, रज, फिलिप्स, बीएसए ही नावं हिंदुस्थानात रुळली. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले आणि देशी कारखाने वाढले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होतीच. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स आली, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलस. मुंजाल बंधू लुधियान्यात आधी सुट्या भागांचाच व्यापार करत होते. त्यांनी १९५६ मध्ये हीरो सायकल्स काढली आणि पुढे ती जगातली सर्वांत मोठी सायकल-उत्पादक ठरली.

या सगळ्यांनी एक गोष्ट केली नाही, आणि तीच महत्त्वाची. त्यांनी मापं बदलली नाहीत. अठ्ठावीस बाय दीडचं चाक, पुढे ३२ आणि मागे ४० आरे, अर्धा इंची चेन, कॉटर पिनवर बसणारी क्रँक, सळयांचा ब्रेक: काळ्या सायकलीत हे सगळं तसंच चालत राहिलं. इंग्लंडने नंतर पुढे आणि मागे सारखी, ३६ आऱ्यांची चाकं घेतली, आपण ३२-४० धरून बसलो. त्यामुळे १९५० च्या आसपासच्या इंग्लिश सायकलीचं मागचं चाक मोडलं, तर तिचा चाळीस भोकांचा हब आज बाजारातून आणलेल्या रिमेत ओवता येतो. कारखानदारांनी जुनं सोडलं नाही याचा फायदा मिस्त्रीला झाला.

रॅले मात्र या गोतावळ्यापासून फटकून असते. इतरांच्या बीबीच्या, म्हणजे पेडलच्या आसाच्या, कपाला इंचाला २४ आटे, रॅलेच्या जुन्या फ्रेमला २६. बाजारातला कप दोन फेरे सहज जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की फ्रेमचे आटे गेले. म्हणून रॅले विकत घेताना चाकांपेक्षा कप आधी तपासावेत.

आपल्याकडे नवी काळी सायकलही दुकानात सुट्या भागांत येते. चाकांत आरे ओवणं, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढणं, छर्रे ग्रीसमध्ये बसवणं हे मिस्त्रीच करतो. जो हात नवी सायकल उभी करतो, तोच जुनी उभी करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी भंगार पालथं घालणारा माणूस याच हाताच्या भरवशावर एखादा हब किंवा घंटी घेऊन येतो.

कामाचा क्रम ठरलेला. आधी फ्रेम सरळ आहे का ते सुतळीने पाहायचं: हँडलच्या नळीला वळसा घालून दोन्ही टोकं मागच्या एक्सलच्या खाचांना ताणायची आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. फरक निघाला तर रंगाचा खर्च थांबवायचा. कॉटर पिन रात्रभर रॉकेलमध्ये भिजवायची आणि ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार द्यायचा, नाहीतर मार छर्ऱ्यांवर बसतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब मिळाला तर तो पुसून पाहावा. त्यावर बहुधा सालाचे आकडे ठोकलेले असतात. ते साल हबचं, फ्रेमचं असेलच असं नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ पासून आहे. शंभराहून जास्त जुन्या सायकली तिथे निगुतीने राखलेल्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धातली, पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसएसुद्धा आहे. तिथे मूळ रूप जपणं योग्यच, कारण संग्रहालय मुळाची साक्ष ठेवतं.

गावातली सायकल उभी करताना मात्र नियम वेगळा असावा असं मला वाटतं. दुधाच्या किटल्यांसाठी कॅरिअरला जोडलेले हूक, ओझं पेलावं म्हणून पुढच्या चिमट्याला दिलेल्या जादा सळया, दांड्यावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी, हबवर फिरणारे रंगीत गोंडे: हौशी माणूस हे सगळं आधी भंगारात काढतो आणि सोनेरी रेघा ओढून सायकल १९५० सालची करू पाहतो. पण तिच्या हयातीतली निम्मी वर्षं त्या हुकांवर गेलेली असतात. बर्मिंगहॅमने तिला ओझ्यासाठी बनवलं नव्हतं, ओझ्यासाठी तिला तयार केलं ते इथल्या वेल्डिंगवाल्याने. गंजलेला आरा बदलावा, झिजलेला कप बदलावा, ब्रेकची रबरं नवी घालावीत. सळया आणि हूक मात्र फ्रेमइतकेच मूळ समजावेत.