गाठोडे सोडून दाखवा

बीड जिल्ह्यात आजही प्रवासी विमानतळ नाही. अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली तीच १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे लॅपटॉप विमानात जवळ ठेवू देतात की नाही, पॉवर बँक कुठल्या पिशवीत घालायची, हे प्रश्न या जिल्ह्याला मुंबई-पुण्याच्या विमानतळावर पोचल्यावरच भेटतात. पण प्रवाशाला अडवायचे, त्याचे गाठोडे सोडायला लावायचे आणि अमुक वस्तू घेऊन पुढे जाता येणार नाही असे सांगायचे, ही रीत बीडला नवी नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचा नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा इंग्रजी मुलखात. बीडमधल्या आष्टीच्या माणसाला नगरमधल्या जामखेडच्या बाजाराला जायचे तर राज्य बदलावे लागे. त्या सीमेवरच्या जकात नाक्याचा इतिहास आजच्या विमानतळाशेजारी ठेवून पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. जवळच्या वस्तूवर घातलेला निर्बंध लोक कितपत मनापासून पाळतात, हे दंडाच्या धाकापेक्षा त्या निर्बंधाचे कारण त्यांना दिसते का, यावर जास्त अवलंबून असते.

हैदराबाद संस्थानातल्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. अकबराच्या काळात एक कोटीच्या वसुलीच्या मुलखावर ‘करोडी’ नावाचा अंमलदार असे. तो शब्द निजामाच्या राज्यात सीमेवरच्या जकातीला चिकटून राहिला. १८०२ च्या व्यापारी तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीतून येणाऱ्या मालावर शेकडा ५ जकात ठरली आणि हा दर पुढे दीर्घकाळ टिकला. कागदावर दर हलका होता. जाच होता तो सीमेच्या आकाराचा. आष्टी आणि जामखेड या तालुक्यांत दोन्ही राज्यांची गावे एकमेकांत इतकी मिसळलेली होती, की जामखेड तालुक्यातली अनेक इंग्रजी गावे चारी बाजूंनी निजामाच्या हद्दीने वेढलेली होती. शेत एका राज्यात, सोयरीक दुसऱ्या राज्यात आणि आठवड्याचा बाजार पुन्हा पहिल्या राज्यात, असा प्रकार. त्यात नाणीही दोन. निजामाचा हाली रुपया, ज्याच्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून चारमिनार उमटलेला असे, आणि इंग्रजांचा कलदार. १०० कलदारांना साधारण ११६ हाली पडत. म्हणजे नाका ओलांडताना गाठोड्यातल्या कापडाची जशी किंमत बदलायची, तशीच कनवटीच्या पैशाचीही.

लोकांनी हा निर्बंध मनापासून पाळला, असे म्हणता येत नाही. नाका एका रस्त्यावर आणि शिवारातून जाणाऱ्या पायवाटा चार, अशी भूमी असली की जकात चुकवण्यात कुणाला पाप वाटत नाही. जिथे मामाच्या गावाहून आणलेल्या लुगड्यावर जकात मागितली जाते, तिथे कायदा मोडणारा चोर ठरत नाही. नाकेदारच आगंतुक ठरतो. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठीचा लढा सुरू केला, तेव्हा मराठवाड्याच्या सीमेवरचे करोडगिरी नाके कार्यकर्त्यांच्या हल्ल्यांचे ठरलेले लक्ष्य झाले. पोलीस ठाण्याइतकाच राग जकातीच्या चौकीवर का निघावा? कारण रोजच्या जगण्यात सरकार नावाची गोष्ट हात घालून पिशवी उपसायची ती तिथेच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. करोडगिरी पुढे टप्प्याटप्प्याने गेली. जाताना ती एक धडा ठेवून गेली: वसुलीचा नियम लोक सोसतात, आपला मानत नाहीत.

विमानातला निर्बंध वेगळ्या मुळातून आला. तो संशयातून जन्मला आणि १९८० च्या दशकात त्या संशयाच्या केंद्रस्थानी साधे घरगुती यंत्र आले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटाने कोसळले, ३२९ माणसे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या बॅगेत स्फोट झाला. तो बॉम्ब सान्यो कंपनीच्या रेडिओ ट्यूनरमध्ये दडवलेला होता. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अॅमचे विमान पडले. विमानातले आणि गावातले मिळून २७० लोक मेले. तिथे बॉम्ब तोशिबाच्या रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरमध्ये होता. हाच तो काळ, जेव्हा आखातातून परतणाऱ्या भारतीय कामगाराच्या हातात ‘टू-इन-वन’ असणे म्हणजे त्याने परदेशात काही कमावले याचा पुरावा होता. एकाच यंत्राकडे कस्टमचा अधिकारी जकातीच्या नजरेने बघे आणि सुरक्षारक्षक संशयाच्या. प्रवाशाला मात्र दोन्ही ठिकाणी एकच वाक्य ऐकू येई: उघडून दाखवा.

संशयाचा नियम किती दूर जाऊ शकतो आणि कुठे अडतो, हे २०१७ ने दाखवले. त्या वर्षी २१ मार्चला अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा, जेद्दा यांसह ८ देशांतल्या १० विमानतळांवरून येणाऱ्या थेट उड्डाणांत मोबाइलपेक्षा मोठे कुठलेही इलेक्ट्रॉनिक उपकरण प्रवासी कक्षात नेण्यास मनाई केली. लॅपटॉप, टॅब्लेट, कॅमेरा, सगळे सामानकक्षात. अंबाजोगाई किंवा माजलगावहून निघून मुंबईमार्गे दुबईत विमान बदलणाऱ्या आणि अमेरिकेत नोकरीवर हजर व्हायला निघालेल्या तरुणाचे कामाचे हत्यारच यात काढून घेतले जात होते. मार्ग निघाले, पण ते तिकिटाच्या दराप्रमाणे. एमिरेट्सने विमानात चढण्याच्या दारापर्यंत लॅपटॉप वापरू देऊन तिथे ताब्यात घेण्याची सोय केली. कतार एअरवेज आणि एतिहाद यांनी महागड्या वर्गाच्या प्रवाशांना वापरायला दुसरे उपकरण देऊ केले. मागच्या रांगेतल्याने कामाची कागदपत्रे मोबाइलवर उतरवून घ्यायची, लॅपटॉप कपड्यांच्या घड्यांत गुंडाळायचा आणि तो धड पोचेल अशी आशा धरायची.

या बंदीवर लोकांचा विश्वास बसला नाही, त्याला कारण होते. ब्रिटनने त्याच दिवशी अशीच बंदी घातली, पण त्यांची यादी निराळी. अमेरिकेच्या यादीतले अमिराती आणि कतार ब्रिटनच्या यादीत नव्हते. ब्रिटनने धरलेले लेबनॉन आणि ट्युनिशिया अमेरिकेने धरले नव्हते. एकच लॅपटॉप दुबईहून न्यूयॉर्कला धोकादायक आणि लंडनला निरुपद्रवी कसा, याचे उत्तर प्रवाशाला मिळाले नाही. आखाती कंपन्यांना सरकारी पैसा मिळतो अशी अमेरिकी विमान कंपन्यांची तक्रार त्याआधीपासूनच चालू असल्याने, ही सुरक्षा आहे की धंद्याची करोडगिरी, अशी शंका घेतली गेली. शंका खरी होती असे यावरून सिद्ध होत नाही. पण कारण झाकलेले असले की लोक आपले कारण बसवतात, हे मात्र दिसते.

यावर सरळ आक्षेप असा, की सुरक्षेचे कारण चव्हाट्यावर मांडता येत नाही. मांडले तर ते हल्लेखोरालाही कळते. शिवाय शेकडा ५ जकात आणि शेकडो जिवांचा प्रश्न एका तागडीत घालणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट मान्यच आहे. २ फेब्रुवारी २०१६ रोजी मोगादिशूहून उडालेल्या डाल्लो एअरलाइन्सच्या विमानाला लॅपटॉपमधल्या बॉम्बने भगदाड पाडले होते. भीती कल्पनेतली नव्हती. इथे तुलना आहे ती हेतूंची नसून प्रवाशाच्या वागण्याची. आणि गुप्ततेच्या मुद्द्याला २०१७ मध्येच उत्तर मिळाले. जूनअखेर अमेरिकेने जगभरच्या सुमारे २८० विमानतळांसाठी तपासणीचे कडक निकष लावले आणि ते पूर्ण करणाऱ्या विमानतळांवरून जुलैमध्ये बंदी उठत गेली. गुपित न फोडताही वस्तू काढून घेण्याऐवजी तपासणी सुधारण्याचा मार्ग उपलब्ध होता. तो आधीच धरला असता, तर मधले काही महिने वाचले असते.

तिसरा नियम करोडगिरी आणि लॅपटॉपबंदी या दोहोंपेक्षा वेगळा आहे आणि तो बंदीच्या नेमका उलट बोलतो. २०१७ मध्ये उपकरण सामानकक्षात टाका म्हणत होते, तर पॉवर बँक सामानकक्षात टाकूच नका, जवळ ठेवा, असे सांगितले जाते. वरवर हा गोंधळ वाटतो. कारण मात्र साधे आहे. लिथियमची बॅटरी बिघडली की तिच्यातला एक कोश तापून शेजारच्याला तापवतो आणि आग आतूनच वाढत जाते. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण तापलेली बॅटरी थंड करत नाही. प्रवासी कक्षात धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. २०१७ च्या एप्रिलमध्येच युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, उपकरणे सामानकक्षात द्यावी लागत असतील तर ती पूर्ण बंद करून द्या, असा इशारा दिला होता. म्हणजे माणसाच्या भीतीपोटी केलेला नियम वस्तूचा धोका वाढवत होता. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उड्डाणापूर्वीच एअर बुसानचे विमान जळाले, पॉवर बँकेवर संशय गेला, आणि आता एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून १०० वॅट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक, तीही न वापरता, बाळगण्याचा नियम केला आहे.

हा नियम पाळायला कठीण नाही, तो वाचायला कठीण आहे. पॉवर बँकेच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत २०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट छापलेले असते. २०,००० ला १,००० ने भागून ३.७ ने गुणले की ७४ वॅट-अवर येतात; म्हणजे ही चालते. २७,००० ची असेल तर ती १०० च्या अगदी काठावर जाते. अक्षरे पुसली गेली असतील, तर हिशेबच संपतो आणि तपासणीत ती काढून घेतली जाण्याची पाळी येते. ऊसतोडीला निघताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार कशावर काय ठेवून बसवायचा, हे बीडच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही; जड खाली, लागणारे हाताशी, हा हिशेब त्याच्या अंगात आहे. त्याला हवे आहे ते एवढेच, की हाताशी ठेवायच्या वस्तूचे कारण त्याच्या भाषेत कुणी सांगावे. निजामाच्या नाक्यावर ते कारण सांगण्यासारखे नव्हते. आजच्या नाक्यावर आहे, आणि ते तिकिटाच्या पाठीवर मराठीत चार ओळींत मावते.