फिडल, बेला, बेहाला

कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये पत्ता विचारला की आधी ब्लॉकची दोन अक्षरं सांगतात, मग जवळची पाण्याची टाकी कितव्या नंबरची ते. मी मावसबहिणीकडे उतरलो होतो. जानेवारीची संध्याकाळ. खालच्या मजल्यावरचे मेशोमशाय, म्हणजे आपले काका, म्हणाले, नातीचा सात वाजता बेहाला आहे. मला वाटलं, पोरीला पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहाला भागात जायचंय. म्हटलं, मग निघायला उशीरच झाला की! ते खो खो हसले. सातला खालून गजाचा पहिला खरखरीत सूर वर आला तेव्हा उलगडा झाला. बेहाला म्हणजे व्हायोलिन.

पोर्तुगिजांच्या ‘व्हिओला’चा बंगालीत बेहाला झाला, हिंदीत बेला. आपल्याकडची जुनी माणसं फिडल म्हणायची, तो शब्द इंग्रजी. नावांवरूनच दिसतं, हे वाद्य एका दारानं आलेलं नाही. मद्रासकडे तर ते फार लवकर रुजलं. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बाळुस्वामी (1786–1858) युरोपियन वादकाकडून ते शिकले आणि कर्नाटक संगीतात घेऊन आले. उत्तरेत मात्र सारंगी गायकाच्या शेजारची जागा सोडायला तयार नव्हती.

कलकत्त्यात त्याची वाट बँडमधून गेली. ईडन गार्डन्समध्ये साहेबांसाठी बँड वाजायचा, तिथले बँडमास्टर लोबो मूळचे गोव्याचे. त्यांच्याकडे एक बंगाली तरुण पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकला. तो पुढे मैहरचे अल्लाउद्दीन खाँ झाला. सरोदिये म्हणून ते जगाला माहीत. व्हायोलिनच्या वंशावळीत मात्र त्यांचं नाव लोबोंच्या खाली येतं. गोव्याच्या या माणसाचा संगीताच्या इतिहासात उल्लेख एका ओळीपुरताच असतो, हे मला नेहमी खटकतं.

आता कृष्णाकाठी. विष्णू गोविंद जोग वाईचे, जन्म 1922 चा. सुरुवातीचे धडे शंकरराव आठवल्यांकडे, मग लखनौला श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाताखाली. भातखंड्यांनी 1926 साली काढलेलं मॅरिस कॉलेज म्हणजे उत्तरेत वसलेलं एक अर्धमराठी घराणंच. तिथं जोग शिकले आणि पुढे शिकवूही लागले. अल्लाउद्दीन खाँचीही तालीम त्यांना मिळाली. कलकत्ता आकाशवाणीवर आले आणि तिथलेच झाले.

रेडिओचा इथं एक मजेशीर संबंध आहे. 1940 साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. पेटी नको, असं रवींद्रनाथांनीही कलकत्ता केंद्राला कळवलं होतं. व्हायोलिनही तितकंच परदेशी, पण त्याला कुणी हात लावला नाही. कारण पेटीसारख्या पट्ट्या असल्या की दोन सुरांमधली जागा मुकी राहते. व्हायोलिनला पट्ट्या नाहीत, पडदेही नाहीत. खोबरेल लावलेलं बोट तारेवरून सरकलं की मींड निघते, आंदोलन घेता येतं, सारंगीची उणीव भासत नाही. पासपोर्ट कुठला हे कुणी पाहिलं नाही. गळ्यासारखं वाजतं का, एवढंच पाहिलं.

त्यासाठी आधी बैठक बदलावी लागली. युरोपात वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य हनुवटीखाली दाबतो. आपल्याकडे मांडी घालायची, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक छातीशी. त्यामुळे डावा हात वाद्य पेलण्यातून सुटतो आणि तारेवर हवा तसा पळतो. तारांचं जुळवणंही पाश्चात्त्य राहत नाही, षड्ज-पंचमावर येतं.

महाराष्ट्रात गजाननबुवा जोशींनी हे वाद्य गायकीकडे नेलं. बुवा स्वतः पट्टीचे गवई. पुढे डी. के. दातारांचं व्हायोलिनही गातच राहिलं. जोगांचा कल थोडा निराळा. गायकी होतीच, पण तंतवाद्याची गतकारी आणि तबल्याशी चालणारी खेळकर झुंज त्यांना अधिक प्यारी. म्हणूनच असेल, समोर कुणीही बसवा, त्यांचं जमायचं. बिस्मिल्ला खाँची शहनाई आणि जोगांचं व्हायोलिन ही जोडी तर घराघरांत ऐकली गेली. ज्ञानप्रकाश घोषांच्या हार्मोनियमबरोबरही ते वाजवत. रेडिओची लाडकी आणि नावडती, दोन्ही परदेशी वाद्यं एका सतरंजीवर. 1980 ला संगीत नाटक अकादमी, 1983 ला पद्मभूषण. शिलाँगच्या शिशिरकणा धर चौधुरी त्यांच्या शिष्या. म्हणजे वाईचा हा धागा ईशान्येलाही पोचला. 31 जानेवारी 2004 ला जोग कलकत्त्यातच गेले.

मी खाली उतरलो तेव्हा पोर वैतागली होती. थंडीत लाकूड आकसतं, खुंटी सारखी घसरत होती. मेशोमशायांनी खुंटी बाहेर काढली, तिला शाळेचा खडू घासला, परत बसवली, पिळून तार सुरात आणली. मग गजाला राळ. पोरीनं वाद्याचं डोकं उजव्या पायावर टेकवलं आणि यमनचा आरोह सुरू केला.

मी जरा छाती फुगवूनच म्हटलं, व्ही. जी. जोग आमच्या वाईचे.

“जोग?” मेशोमशाय गजाकडचं लक्ष न काढता म्हणाले, “उनि तो कोलकातार लोक.”