मुंगीचा खड्डा

वसईत ‘मोर्चा’ म्हटले की पाण्याचा प्रश्न, रिकामे हंडे घेतलेल्या बायका आणि खोळंबलेल्या रिक्षा डोळ्यांपुढे येतात. याच गावात 1739 साली मोर्चा म्हणजे किल्ल्याच्या तटाकडे खणत नेलेला खंदक होता. चालणे दूरच, त्यात डोके वर काढायचीही सोय नव्हती. शब्द फारसी ‘मूरचाल’वरून आला. मूर म्हणजे मुंगी, चाल म्हणजे खड्डा. ही चाल आपली नव्हे. मोर्चाला पाय फुटले ते मराठीत आल्यावर. ‘मोर्चेबांधणी’ला मात्र जुनी माती अजून चिकटलेली आहे.

मुंगी मला इथे फार नेमकी वाटते. एकेक मुंगी मोजून वारूळ कळत नाही. लढाईचेही तसेच. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने 1916 मध्ये लढाईची समीकरणे मांडली, ती दोन्हीकडच्या संख्येची आणि माऱ्याची. कोण कोणावर अवलंबून आहे, हे त्यांत कुठे येते? चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत पाहावे ते हेच. 1737 मध्ये ठाणे आणि अर्नाळा, 1739 च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर. तिकडे मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्या साष्टीत उतरलेले, म्हणजे पोर्तुगीज गोव्याला आपलेच निस्तरणे भाग. वसईचा तट पडण्याआधी वसईचे धागे तुटले होते.

तट पाडला तो सुरुंगांनी. हा शब्द तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ म्हणून बसलेला आहे, आणि त्याचे मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे नळी, पावा! वसईच्या उत्तरेकडच्या बुरुजांखाली मे महिन्यात हे पावे वाजले, पण एका सुरात नाही. काही सुरुंग उशिरा उडाले आणि खिंडारात घुसलेले आपलेच लोक गाडले गेले. माणसे होती, दारू होती, धैर्य तर होतेच. चुकला तो बत्ती आणि धाव यांच्यामधला मेळ.

असा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेला आपण ‘यंत्रणा’ म्हणतो. संस्कृतात तिचा अर्थ आवळणे, जखडणे. मराठीने त्यातला बांधलेपणा उचलला आणि पोलीस यंत्रणा, निवडणूक यंत्रणा असे शब्द केले. बंगालीने आवळल्यावर होणारे दुःख उचलले. तिकडे ‘यंत्रणा’ म्हणजे असह्य वेदना. वसईच्या सांव सेबास्त्यांव बुरुजाच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला दोन्ही अर्थ एकाच वेळी लागले असतील.