गुलाबी रेघेचं कूळ

दिवस राहिलेत की नाही हे सांगणारी, करोनाच्या काळात घरोघरी धाकधुकीने न्याहाळली गेलेली ती गुलाबी रेघ बहुतेक चाचणीपट्ट्यांमध्ये सोन्याची असते. खऱ्या सोन्याची. फक्त त्याचे कण इतके बारीक, साधारण ४० नॅनोमीटरचे, की एका मिलिमीटरच्या लांबीत ओळीने २५ हजार बसावेत. एवढं बारीक झालेलं सोनं पिवळं राहत नाही. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन परातीतल्या पाण्यासारखे हिंदकळतात, हिरवा प्रकाश शोषून घेतात, आणि आपल्याला लाल दिसतो. हेच कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो.

काचकाम करणाऱ्यांना सोन्याचा हा गुण जुनाच माहीत होता. चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून प्रकाश पडला तर हिरवा, आतून पडला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण आहेत. सतराव्या शतकात जर्मनीत योहान कुंकेलने सोन्यापासून माणिकरंगी काच केली. इथवर आलं की आपल्याकडे कुणाला तरी सुवर्णभस्म आठवतंच. पण पट्टीचं कूळ त्या वाटेने आलेलं नाही, आणि ओढूनताणून सोयरीक जुळवण्यात काही अर्थ नाही.

कुळाचा मूळ पुरुष म्हणजे मायकेल फॅरडे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो सोन्याच्या वर्खातून प्रकाश कसा जातो ते तपासत होता. वर्ख पातळ करताना, धुताना उरणारं पाणी त्याला फिकट लालसर दिसलं. पुढे सोन्याच्या क्षारातून फॉस्फरसच्या मदतीने त्याने तो लाल द्रव मुद्दाम तयार केला. यात सोनं विरघळलेलं नाही, दिसू न शकणाऱ्या कणांच्या रूपात तरंगतंय, हे त्याने ओळखलं आणि ५ फेब्रुवारी १८५७ च्या व्याख्यानात मांडलं. त्याच्या काही बाटल्या त्या संस्थेत अजून जपलेल्या आहेत.

फॅरडेच्या या कामाबद्दल लिहिताना सगळे रंगापाशी थांबतात. मला त्याची दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. लाल द्रवात चिमूटभर मीठ पडलं की तो निळा होतो. पण आधी थोडं जिलेटिन घातलेलं असेल तर मिठाचं काही चालत नाही. जिलेटिन म्हणजे प्रथिन. ते सोन्याच्या कणाभोवती लपेटून बसतं आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं. पट्टीचं सगळं तंत्र या लपेटण्यावर उभं आहे.

ही नोंद पुढे रिचर्ड झिगमोंडीने उचलली. १९०१ मध्ये त्याने ‘सुवर्णांक’ नावाचं मापच काढलं: मिठापासून सोनं वाचवायला कुठलं प्रथिन किती लागतं? मग झाइस कंपनीच्या झीडेनटॉफबरोबर त्याने असा सूक्ष्मदर्शक बनवला, ज्यात हे अदृश्य कण चमकत्या ठिपक्यांसारखे मोजता येत. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

माप हाती आल्यावर वैद्यक मागे कसं राहील? १९१२ मध्ये बर्लिनच्या कार्ल लांगेने रुग्णाच्या मणक्यातला द्रव घेतला, दहा नळ्यांमध्ये तो क्रमाने पातळ करत नेला आणि प्रत्येकीत लाल सोनं ओतलं. मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसमध्ये त्या द्रवातल्या प्रथिनांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ठरावीक नळ्यांमधला लाल रंग उडून जातो. कुठल्या नळीचा रंग किती बदलला यावरून डॉक्टर निदान करत. चाचणी बेभरवशाची होती, तरी कित्येक दशकं चालली. सोन्याच्या नॅनोकणांनी रोग ओळखायची ही पहिली मोठी चाचणी; ‘नॅनो’ शब्दाची हवा व्हायला तेव्हा निदान साठ-सत्तर वर्षं बाकी होती.

पुढची अडचण कारागिरीची होती. कण दर वेळी सारख्या आकाराचे निघायला हवेत. १९५१ मध्ये प्रिन्स्टनच्या जॉन टर्केविचने उकळत्या सुवर्णक्षारात सायट्रेट घालायची कृती बारकाईने तपासली. १९७३ मध्ये फ्रेन्सने दाखवलं की सायट्रेट कमी-जास्त केलं की कण हवे तेवढे लहान-मोठे करता येतात. सोन्याचे कण करायला आजही हीच कृती सर्रास वापरतात.

दरम्यान १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी जिलेटिनच्या जागी प्रतिपिंड लपेटला. प्रतिपिंडही प्रथिनच, पण तो फक्त आपल्या ठरलेल्या रेणूलाच धरतो. साल्मोनेलाविरुद्धचे प्रतिपिंड लावलेलं सोनं त्या जिवाणूच्या पृष्ठभागावर जाऊन बसलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या टिंबांनी ठळक दिसलं. पेशीत कुठलं प्रथिन कुठे बसलंय हे शोधायला जीवशास्त्रज्ञ आजही ही टिंबं वापरतात. १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवायची वाट काढली. १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या ऑर्गेनॉन कंपनीच्या ल्यूव्हरिंगने सोनं आणि प्रतिपिंड एकत्र आणून गर्भारपणातलं एचसीजी संप्रेरक ओळखून दाखवलं. या सगळ्याला कागदी पट्टीत बसवायचं काम त्या दशकात झालं. गंमत म्हणजे १९८८ मध्ये युनिपाथने आणलेल्या गाजलेल्या क्लिअरब्लू पट्टीत सोनं नव्हतं; निळे लॅटेक्सचे कण होते, रेघही निळी.

पट्टीची आतली रचना साधी आहे. थेंब एका टोकाला पडतो, तिथे सुकवून ठेवलेलं प्रतिपिंडधारी सोनं उचलतो आणि नायट्रोसेल्युलोजमधून पुढे सरकतो. वाटेत एका रेघेवर दुसरे प्रतिपिंड टपून बसलेले असतात. नमुन्यात हवा तो रेणू असेल तर तो दोघांच्या मध्ये अडकतो, सोनं तिथेच साठतं आणि रेघ उमटते. पुढची ‘सी’ रेघ सोनं तिथवर पोचल्याची साक्ष देते.

आशाताईंच्या पिशवीतलं गर्भचाचणीचं सरकारी ‘निश्चय’ किट याच घरातलं. गडचिरोलीच्या पाड्यांवर बोट टोचून मलेरिया पाहतात ती पट्टीही. ती फाल्सिपेरम परजीवीचं एक प्रथिन पकडते. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ या करोनाच्या पट्टीला आयसीएमआरची मंजुरी मिळाली, किंमत २५० रुपये, आणि नाकातला नमुना घेऊन रेघ पाहणं हे घरचं काम झालं.

म्हणून पट्टी हाती आली की एवढं करा. वेष्टनावर छापलेल्या वेळातच ती वाचा. तासाभराने उमटलेली रेघ धरू नका. वेळेत आलेली रेघ फिकट असली तरी ती रेघच आहे. ‘सी’ रेघ आली नाही तर ती पट्टी टाकून द्या, दुसरी घ्या. आणि लक्षणं असूनही पट्टी ‘नाही’ म्हणत असेल, तर डॉक्टरांना विचारा. रेघ दिसायला त्या रेणूची पुरेशी संख्या लागते, आणि आजाराच्या सुरुवातीला ती नसू शकते.