धूळपाटी आणि दगडी पाटी

ज्या काळी कागद हा सरकारी दप्तराचा आणि सावकारी वहीचा जिन्नस होता, त्या काळी महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत अक्षराची पहिली ओळख धुळीतच होत असे. लाकडी फळीवर बारीक धूळ सारखी पसरावयाची, पंतोजींनी तीत अक्षर काढून द्यावयाचे आणि मुलाने त्याच रेघेतून काडी फिरवीत, अक्षराचे नाव मोठ्याने उच्चारीत, वळण हातात बसेपर्यंत ते गिरवावयाचे. मग फळीला हलकी थाप दिली की धूळ सपाट आणि जागा पुन्हा कोरी. ओनामा, बाराखडी, अंक आणि पुढे पावकी-निमकीची उजळणी एवढा व्याप या फळीच्या आधारे चाले. बोरूने कागदावर मोडी घोटण्याचा मान त्यानंतरचा. धूळपाटीस खर्च जवळजवळ नव्हता हे खरेच. परंतु चूक क्षणात नाहीशी होते या खात्रीने शिकणाऱ्याच्या हातास जो धीटपणा येतो, तो मला या साधनाचा श्रेष्ठ गुण वाटतो. मात्र अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांस आणि बहुतेक सर्व मुलींस त्या फळीपाशी बसू दिले जात नव्हते, हा तत्कालीन समाजाचा दोष झाकून या शाळांची स्तुती करणे मला प्रशस्त वाटत नाही.

याच धुळीने पुढे इंग्लंडातील शिक्षणास वळण लावले. मद्रासेतील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची देखरेख सन १७८९ पासून डॉ. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. तिकडील एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत आहेत हे त्याच्या दृष्टीस पडले, आणि आपल्या आश्रमातही असेच शिकवावे असा हुकूम त्याने दिला. पगारी शिक्षकांनी हे होणे नाही म्हणून हात झटकले, तेव्हा बेलने तो वर्ग आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला, आणि त्या मुलाने तो उत्तम चालविला. वरच्या मुलाने खालच्यास शिकवावे या पद्धतीचा वृत्तान्त बेलने सन १७९७ मध्ये लंडनात छापला.

त्याच सुमारास लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकास्टर गरिबांच्या शेकडो मुलांस एकाच दालनात शिकवू लागला. त्याच्या शाळेत अगदी लहानांस वाळूचे मेज असे आणि त्यांहून मोठ्यांस दगडी पाटी. नायक मुलाने शब्द सांगावा, सर्वांनी तो एकदम लिहावा, आणि ‘पाट्या दाखवा’ असा हुकूम होताच साऱ्या रांगेने पाट्या वर धराव्यात, म्हणजे कोणाचे चुकले हे नायकास एका नजरेत कळे. एकेकास उभे करून विचारण्यात जो वेळ जाई तो वाचला. शिवाय कोणासही दुसऱ्याच्या उत्तराआड लपता येईना. आजच्या शिक्षकानेही ही युक्ती अवश्य उचलावी.

मुंबईत सन १८२२ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. देशी शाळांत पुस्तके, सुलभ पद्धती, लायक शिक्षक आणि पैसा या चारही गोष्टींची वाण आहे असा अहवाल तिच्या समितीने दिला, आणि पद्धतीसाठी लँकास्टरकडेच बोट दाखविले. अशा रीतीने मद्रासेच्या वाळूतून निघालेली गोष्ट विलायती पोशाखात या देशी परतली. पुढे धूळपाटीची जागा हळूहळू लाकडी चौकटीच्या दगडी पाटीने घेतली. तिची एक बाजू रेघांची, दुसरी कोरी. चौकटीतल्या तारेत ओवलेल्या मण्यांवर बेरीज-वजाबाकी, आणि पुसावयास ओले फडके. दसऱ्यास एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती याच पाटीवर पुजली जाऊ लागली.

पाट्यांच्या धंद्यासाठी आंध्रातील मार्कापूर आणि पाटीवरच्या पेन्सिलींसाठी मध्य प्रदेशातील मंदसौर ही गावे प्रसिद्ध झाली. मंदसौरच्या कारखान्यांत दगड यंत्रावर कापताना उडणाऱ्या भुकटीने कामगारांच्या फुप्फुसांस सिलिकोसिस जडला आणि कित्येक तरुण वयातच दगावले. अखेर त्यांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेश सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलाच्या हाती पडणारी पेन्सिल अल्प मोलाची राहिली, याचे एक कारण हेही होते की या माणसांच्या श्वासाची किंमत तिच्या हिशेबात कोणी धरलीच नव्हती.