अखेरचा शब्द सॉकेटचा
बंगळूरची बसवनगुडी १८९८ च्या प्लेगनंतर आखली गेली. जुनी दाट पेठ डागडुजीने निभणार नाही, हे ओळखून रुंद रस्त्यांची नवी वस्ती वसवली गेली. घरच्या संगणकाचा प्रोसेसर बदलताना प्रश्न असाच असतो: आहे त्या मदरबोर्डवर नवी चिप चढवायची, की बोर्डासकट सगळेच काढायचे? उत्तर चिपच्या वेगावर ठरते, असा समज आहे. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही. बदलाची वेळ ठरवली ती आधी आयातशुल्काने, मग सॉकेटने आणि आता सॉफ्टवेअरने.

बसवनगुडीकरांना बाजाराची अडचण कधी नव्हती. वस्तीतल्याच बुल टेंपल रोडवर १९४६ पासून बी.एम.एस. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि संगणकाचे सुटे भाग मिळण्याचे शहरातले हुकमी ठिकाण, सदर पत्रप्पा रस्ता म्हणजेच एस.पी. रोड, तिथून काही किलोमीटरवर. पण दुकान जवळ असले तरी चिप परदेशातूनच यायची. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान कराराच्या आंतरराष्ट्रीय चौकटीत आला आणि २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. शुल्क जड होते तोवर जुने यंत्र पुरवून पुरवून वापरणे हा व्यवहार होता. त्याला कंजुषी म्हणणे अन्यायाचे.

शुल्क उतरल्यावर खरा मालक समोर आला, तो सॉकेट. मदरबोर्डवरची ती चौकोनी बैठक, शेजारी छोटा दांडा. दांडा उचलायचा, खुणेचा कोपरा जुळवून चिप अलगद ठेवायची, दांडा दाबायचा, वर पेस्टचा ठिपका आणि हीटसिंक. काम दहा मिनिटांचे, पण चिप त्या बोर्डासाठीच असेल तर. इंटेलचे पेंटियम आणि एएमडीचे के६ एकाच सॉकेट ७ वर बसत. १९९७ च्या पेंटियम २ ने ती सोय मोडून चिप कार्ट्रिजमध्ये घातली. २०१७ मध्ये तर गंमतच झाली. इंटेलच्या आठव्या पिढीचा सॉकेट आधीच्यासारखाच ११५१ टोकांचा, तरी जुन्या बोर्डांवर चिप चालेना. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांनी २०१७ ची पहिली रायझन चिप चालवली आणि पुढे बोर्डावरचे बायोस हे सॉफ्टवेअर अद्ययावत करून त्यांतल्या अनेकांवर २०२२ ची ५८००एक्स३डी सुद्धा. एकाच साली यंत्र घेतलेल्या दोघांपैकी एकाला नुसती चिप पुरली, दुसऱ्याला बोर्डही बदलावा लागला.

कोणी म्हणेल, नव्वदच्या दशकात वेग खरोखरच वाढत होता. होता की! १९९३ चा पेंटियम ६६ मेगाहर्ट्झचा, २००० मध्ये १,००० मेगाहर्ट्झ ओलांडले गेले. पण तेव्हाही मोठी उडी क्वचितच नुसत्या चिपने साधत असे. बोर्ड आणि अनेकदा रॅमही बदलावी लागे. आणि २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडल्यावर वाढ चिपमधल्या गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येकडे वळली. पत्र, हिशेब, ब्राउझर यांना जास्तीचे गाभे फारसे लागत नाहीत. अशा घरी यंत्र रखडते ते बहुधा रॅम अपुरी पडल्याने किंवा हार्ड डिस्कमुळे. एसएसडी बसवली की ‘प्रोसेसर जुना झाला’ ही तक्रार पुष्कळदा विरते. व्हिडिओ संपादन किंवा जड खेळ करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे सगळे गाभे कामात जुंपलेले दिसत असतील, तर त्याने प्रोसेसर खुशाल बदलावा, मात्र आधी बोर्ड बनवणाऱ्याने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहून.

उरला सॉफ्टवेअरचा हुकूम. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर नाहीत, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१७ चे सातव्या पिढीचे चालते यंत्र त्या तारखेला तसूभरही मंद झाले नाही. त्यावर लिनक्स चढवून घरचे काम आणखी काही वर्षे निभावता येते; बँकेचे व्यवहार मात्र आधार संपलेल्या विंडोजवर करू नयेत.