दुहेरी परिणामाचे तत्त्व

दुहेरी परिणामाचे तत्त्व : नीतिशास्त्रातील एक तत्त्व. एकाच कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन्ही परिणाम होणार असतील, तर वाईट परिणाम कर्त्याने योजला होता की तो होणार एवढेच त्याला दिसत होते, यावर त्या कृतीची योग्यता काही अंशी ठरते, असे हे तत्त्व मानते. शस्त्रक्रिया, मरणासन्न रुग्णाचे वेदनाशमन, स्वसंरक्षण आणि युद्ध ही त्याच्या चर्चेची नेहमीची क्षेत्रे आहेत.

तत्त्वाचा उगम टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथातील स्वसंरक्षणाच्या विवेचनात दाखवतात. सामान्य माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही दुसऱ्याचा जीव घेणे सेंट ऑगस्टीनला मान्य नव्हते. अक्वायनसने त्यातून वाट काढली. जीव वाचवणे हा हेतू आणि हल्लेखोराचा मृत्यू हा हेतूबाहेरचा परिणाम. मात्र गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर कृती अयोग्यच. पुढे १९व्या शतकात ज्याँ-पिएर ग्यूरी या फ्रेंच जेझुइटाच्या पाठ्यपुस्तकातून तत्त्वाला आजचा साचा मिळाला. कृती मुळातच निषिद्ध नसावी, हेतू चांगल्या परिणामाचाच असावा, वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसावे आणि तो ओढवून घेण्याइतके गंभीर कारण असावे, अशा त्याच्या चार अटी आहेत. खरा भार तिसऱ्या अटीवर पडतो. तत्त्वाचा आधार घेणारे मात्र बहुधा दुसरीच पुढे करतात, कारण मनातला हेतू बाहेरून कोणाला तपासता येत नाही. हेतूची दिशा वळवून पाप टाळण्याच्या जेझुइटांच्या अशा कसरतीची फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कालने त्याआधीच १६५६–५७ मध्ये आपल्या पत्रांतून यथेच्छ टर उडवली होती.

कॅथलिक वैद्यकीय नीतीतले नेहमीचे उदाहरण गर्भवतीचे आहे. गर्भाशयाला कर्करोग झाला म्हणून ते काढले आणि गर्भ दगावला, तर ती कृती क्षम्य. अडलेल्या बाळंतिणीला वाचवण्यासाठी गर्भाची कवटी फोडणे मात्र अक्षम्य. यावर कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी बोट ठेवले. डॉक्टरला हवे असते ते डोके लहान होणे. मृत्यू इथेही साधन नाही. मग फरक कुठे उरला? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांच्या उदाहरणात गुहेच्या तोंडाशी एक लठ्ठ माणूस अडकला आहे आणि त्याच्यामुळे आत कोंडलेल्यांकडे सुरुंगाची दारू आहे. आम्हाला त्याला मारायचे नव्हते, फक्त उडवायचे होते, असे त्यांनी म्हटले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. हेतू नेमका कुठे संपतो आणि परिणाम कुठे सुरू होतो, ही या तत्त्वाची सर्वांत दुखरी जागा आहे. वॉरन क्विन यांनी १९८९ मध्ये प्रश्नच बदलला : मृत्यू योजला होता का, हे न विचारता त्या माणसाला आपल्या कामासाठी वापरून घेतले का, हे विचारावे. ही दुरुस्ती मूळ मांडणीपेक्षा भक्कम वाटते.

गुहेचे उदाहरण असलेल्या फूट यांच्या १९६७ च्या निबंधातच रूळ बदलणाऱ्या ट्रामचालकाचे कोडे प्रथम आले : पाच जणांना वाचवण्यासाठी गाडी एकाच्या अंगावर वळवावी का? हे कोडे आज दुहेरी परिणामाचे प्रमाण उदाहरण म्हणून शिकवले जाते. गंमत अशी, की फूट यांना त्यातून हे तत्त्व अनावश्यक असल्याचे दाखवायचे होते. इजा न करण्याचे कर्तव्य मदत करण्याच्या कर्तव्याहून कडक असते, एवढ्याने काम भागते, असे त्यांचे म्हणणे होते.

युद्धाच्या संदर्भात तत्त्वाला धार आणली ती तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँस्कम यांनी. हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब टाकण्याचा आदेश देणाऱ्या ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देण्यास त्यांनी १९५६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उघड विरोध केला. नागरिकांचा मृत्यू तिथे अपरिहार्य परिणाम नव्हता, शरणागती मिळवण्याचे ते साधनच होते, हा त्यांचा मुद्दा. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये आणखी एक अट घातली : नागरिकांना मारण्याचा हेतू नसणे पुरेसे नाही, स्वतः धोका पत्करूनही त्यांची हानी कमी करण्याची खटपट सैनिकाने केली पाहिजे. जैन आचारविचारात असाच आग्रह फार जुना आहे. तिथे गृहस्थासाठी संकल्पी म्हणजे ठरवून केलेली हिंसा पूर्ण त्याज्य आणि स्वयंपाक-शेतीत घडणारी आरंभी हिंसा अटळ मानली, तरी उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेचे लक्षणच प्रमादाशी, म्हणजे निष्काळजीपणाशी जोडलेले आहे.

वेदनाशमनाबाबत पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये, आयुष्य काहीसे घटले तरी वेदनाशामके देता येतील, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका डॉक्टरवरील खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीला जवळपास हेच सांगितले. उपशामक उपचार करणारे डॉक्टर मात्र या उदाहरणावर नाराज असतात. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन सहसा मृत्यू ओढवत नाही. उदाहरणामुळे औषधाची भीती तेवढी वाढते.

भारतीय दंड संहितेने (१८६०) हेतू आणि जाणीव यांतला हा भेद अर्धाच स्वीकारला. कलम ८१ मध्ये ट्रामच्या कोड्याच्या शंभर वर्षे आधीची आगबोट होती : वीस-तीस प्रवाशांची नाव वाचवण्यासाठी कप्तान बोट वळवतो, तेव्हा दोघांची नाव बुडण्याचा संभव त्याला ठाऊक असतो, तरी तसा हेतू नसेल आणि टाळलेले संकट तेवढे मोठे असेल तर तो दोषी नाही. (दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १९ आहे.) उलट कलम ३९ मधला दरोडेखोर लुटीच्या सोयीसाठी रात्री वस्तीतले घर पेटवतो; कोणाच्या मरणाचे त्याला दुःख झाले तरी, मृत्यूचा संभव माहीत असल्यास तो त्याने ‘इच्छापूर्वक’ घडवला असेच धरले जाई. सदोष मनुष्यवधात (कलम ३०४) हेतू असल्यास जन्मठेपेपर्यंत आणि केवळ जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात जण दारू प्यालेल्या चालकाच्या मोटारीखाली मरण पावले. त्यांना मारण्याचा चालकाचा हेतू होता, असे कोणी मानले नव्हते. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कलम ३०४ च्या दुसऱ्या, म्हणजे केवळ जाणिवेच्या भागाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.